दशावतार तबकडीवर टिकेल काय?

कार्तिक महिना लागला की सिंधुदुर्ग जिल्ह्यात गावोगावच्या जत्रांना सुरुवात होते. देवळासमोर रात्री उशिरा हार्मोनियम आणि मृदंग वाजू लागतात, झांज साथीला येते. आधी गणपती येऊन जातो, संकासुर लोकांना पोट धरून हसवतो आणि मग मुख्य आख्यानाला तोंड फुटते. ते पहाटे दहीकाला होईपर्यंत चालते. मालवणी माणूस या सगळ्यालाच 'धयकालो' म्हणतो.

या दशावतारी नाटकाची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथा पुराणातली, सर्वांच्या ओळखीची. पण संवाद मात्र नट रंगमंचावर उभा राहूनच रचतो. समोरचा नट जसे बोलेल तसे याचे उत्तर. त्यामुळे तेच आख्यान, तेच नट, पण आज मालवणात एक नाटक आणि उद्या वेंगुर्ल्यात दुसरेच! ज्याचे पुस्तक नाही ते टिकवायचे कसे? नट गेला की त्याचे बोलणेही गेले. नेरूरच्या कलेश्वर दशावतार मंडळाचे सुधीर कलिंगण, ज्यांना लोक 'लोकराजा' म्हणत, ते २०२२ साली अकाली गेले. त्यांचे बोलणे आज कोणाला ऐकायचे असेल तर ध्वनिचित्रमुद्रणाशिवाय दुसरा मार्ग नाही.

अशी मुद्रणे पुष्कळ आहेत. गेल्या पंचवीस वर्षांत कितीतरी नाटके व्हीसीडीवर आणि डीव्हीडीवर उतरली. घराघरांतून, टीव्हीखालच्या खणात, बुरशीचा पांढुरका थर चढलेल्या पाकिटांत त्या तबकड्या पडून आहेत. त्या लावायचे यंत्र मात्र बहुतेक घरांतून गेले.

आता समजा, मालवण तालुक्यातील एखाद्या शाळेच्या विज्ञान मंडळाने ठरवले की, गावातल्या या जुन्या तबकड्या गोळा करायच्या, त्यांच्या प्रती काढायच्या, आणि या हंगामातली चार नाटके मंडळांच्या परवानगीने मोबाइलवर टिपून तीही जपून ठेवायची. शाळेजवळ थोडे पैसे आहेत. शाळेने डीव्हीडी लिहिणारे यंत्र, म्हणजे ज्याला सगळे 'डीव्हीडी रायटर' म्हणतात ते, घ्यावे काय? एक शिक्षक म्हणतील, "घ्या, डीव्हीडी पक्की असते, एकदा लिहिली की पुसत नाही." दुसरे म्हणतील, "अहो, आता नव्या लॅपटॉपला ते खाचेचे दारसुद्धा नसते. पेन ड्राइव्ह घ्या नि मोकळे व्हा." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. निर्णय घ्यायचा तर त्या तबकडीच्या पोटात काय असते ते आधी पाहिले पाहिजे.

बारा किलोमीटरची वाट

जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर एक खोबण असे आणि सुई तिच्यातून घासत जाई. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले ते अशाच तबकडीवर. डीव्हीडीवरही एकच लांब नागमोडी वाट असते, फक्त ती आतून बाहेर जाते आणि तिच्यावरून सुईऐवजी प्रकाशाचा ठिपका फिरतो. ही वाट किती लांब असेल? गणित सोपे आहे. माहिती लिहिण्याची जागा साधारण २४ मि.मी. त्रिज्येपासून ५८ मि.मी. त्रिज्येपर्यंत असते. त्या कड्याचे क्षेत्रफळ काढा:

३.१४ × (५८ × ५८ – २४ × २४) = सुमारे ८,७५० चौरस मि.मी.

वाटेच्या दोन शेजारशेजारच्या फेऱ्यांतील अंतर ०.७४ मायक्रोमीटर, म्हणजे ०.०००७४ मि.मी. क्षेत्रफळाला या अंतराने भागले की लांबी मिळते. उत्तर येते सुमारे १ कोटी १८ लाख मि.मी., म्हणजेच जवळजवळ १२ किलोमीटर! मालवणहून तारकर्लीला चालत जाऊन परत यावे एवढी वाट तळहाताएवढ्या तबकडीत गुंडाळून ठेवलेली आहे. सीडीवर हेच अंतर १.६ मायक्रोमीटर असते. तिची वाट किती लांब भरेल ते तुम्हीच काढून पाहा.

कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीवर या वाटेवर अतिसूक्ष्म खळगे असतात. सर्वांत आखूड खळगा ०.४ मायक्रोमीटर लांबीचा. पुष्कळांची अशी समजूत असते की खळगा म्हणजे १ आणि सपाट जागा म्हणजे ०. तसे नसते. सपाटीवरून खळग्यात उतरताना किंवा खळग्यातून वर चढताना परावर्तित प्रकाशात जो बदल होतो, तो १. बदल नसेल तितका वेळ ०. अशा एक-शून्यांचा प्रवाह यंत्र वाचत जाते. एका साध्या डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट, म्हणजे ३,७६० कोटी एक-शून्ये मावतात.

(येथे एक गंमत सांगायला हवी. पाकिटावर ४.७ गिगाबाइट लिहिलेले असते आणि विंडोज मात्र ४.३८च दाखवते. दुकानदाराने फसवलेले नसते. तबकडी करणारा १०० कोटी बाइटला एक गिगाबाइट म्हणतो, विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटला म्हणते. भागून पाहा.)

सीडीपेक्षा डीव्हीडीवर सातपट माहिती मावते ती का? प्रकाशाचा ठिपका जितका लहान, तितकी अक्षरे बारीक लिहिता येतात. ठिपक्याचा आकार दोन गोष्टींवर ठरतो: प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंगाची किरण गोळा करण्याची शक्ती. सीडीचा लेसर अवरक्त, ७८० नॅनोमीटरचा. डीव्हीडीचा लाल, ६५० नॅनोमीटरचा. ब्लू-रे तबकडीचा जांभळट निळा, ४०५ नॅनोमीटरचा. भिंगेही त्याच क्रमाने अधिक समर्थ होत गेली. सीडी बाजारात आली १९८२ साली, डीव्हीडीची वाचनयंत्रे जपानात १९९६च्या अखेरीस मिळू लागली. म्हणजे या कथेत फार जादू नाही. बोरूची लेखणी टाकून बारीक टाकाची घेतली, इतकेच.

भाजणे म्हणजे काय?

घरच्या यंत्रावर आपण डीव्हीडी 'बर्न' करतो, तेव्हा खळगे पाडले जात नाहीत. कोऱ्या डीव्हीडी-आर तबकडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि त्याच्यामागे आरशासारखा धातूचा थर, बहुधा चांदीचा किंवा तिच्या मिश्रधातूचा. वाचताना लेसर अगदी मंद असतो. लिहिताना तो कितीतरी पटीने प्रखर होतो आणि जेथे पडतो तेथील रंगद्रव्य तापून बिघडते. बिघडलेल्या ठिकाणाहून प्रकाश नीट परतत नाही. वाचनयंत्राला तो खळग्यासारखाच दिसतो. एका अर्थाने ही तबकडी म्हणजे ठरवून डाग पाडलेला कागद होय. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या 'आरडब्ल्यू' तबकडीत रंगद्रव्य नसते, एक मिश्रधातू असतो, आणि तो स्फटिकरूप व अस्फटिकरूप अशा दोन अवस्थांत फिरवता येतो. जपून ठेवण्याच्या कामासाठी ती घेऊ नये. जे सहज पुसता येते ते चुकूनही पुसले जाते.

आता रचना पाहा. डीव्हीडी ही प्रत्यक्षात ०.६ मि.मी. जाडीच्या दोन तबकड्या एकमेकींना चिकटवून केलेली असते, आणि रंगद्रव्य व चांदी त्या दोहोंच्या मध्ये असतात. सीडीचे आणि म्हणून व्हीसीडीचेही तसे नाही. तिचा धातूचा थर नाव छापलेल्या बाजूला, नुसत्या रोगणाखाली असतो. चकचकीत बाजूवरचा ओरखडा वाईट, असे सगळे समजतात. व्हीसीडीच्या बाबतीत वरच्या छापील बाजूचा ओरखडा त्याहून घातक असतो, कारण तेथे माहितीच खरवडली जाते. चकचकीत बाजूचा ओरखडा पुसट करता येतो. वरच्या बाजूचा नाही.

चुका सुधारणारे गणित

तबकडीवर एवढ्या बारीक खुणा, त्यावर धूळ, बोटांचे ठसे, ओरखडे. मग नाटक अडखळत का नाही? कारण मूळ माहितीबरोबर पडताळ्याचे आकडेही लिहिलेले असतात. कल्पना यावी म्हणून हा लहानसा तक्ता पाहा. ओळींच्या शेवटी आणि स्तंभांच्या तळाशी बेरजा लिहिल्या आहेत.

४ ७ २ | १३
५ १ ८ | १४
३ ६ ९ | १८
१२ १४ १९ | ४५

समजा मधला १ खराब होऊन ७ असा वाचला गेला. दुसऱ्या ओळीची बेरीज २० भरते, हवी १४. दुसऱ्या स्तंभाची बेरीजही २० भरते, हवी १४. जेथे ही ओळ आणि हा स्तंभ छेदतात तेथेच चूक आहे, आणि ती ६ ने आहे. ७ मधून ६ वजा केले की मूळ १ परत मिळतो. डीव्हीडीतील पद्धत याहून पुष्कळ बळकट आहे. रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या संकेतांवर ती आधारलेली आहे. पण ओळी आणि स्तंभ हीच तिचीही बैठक. ३२,७६८ बाइट माहितीमागे पडताळ्यासह ३७,८५६ बाइट लिहिले जातात.

याचे दोन परिणाम ध्यानात घ्या. पहिला: तबकडी पुसायची ती मऊ कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ. ग्रामोफोनच्या तबकडीसारखी गोल गोल पुसू नये. सरळ ओरखडा वाटेला आडवा छेदतो, प्रत्येक फेरीतले थोडेसेच बिघडवतो, आणि गणित ते भरून काढते. गोल ओरखडा वाटेच्या लांबीने जातो आणि सलग माहिती खातो. तेवढी सलग चूक गणिताच्या आवाक्याबाहेरची असते.

दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. चुका सुधारल्या जात असेपर्यंत तबकडी आतून किती बिघडली हे पाहणाऱ्याला कळतच नाही. नाटक स्वच्छ दिसते, आणखी एक पावसाळा जातो, मर्यादा ओलांडली जाते, आणि मग एकदम यंत्र म्हणते, 'तबकडी वाचता येत नाही'. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथीची कागदावरची जुनी चित्रे पिढ्यान्‌पिढ्या जपली आहेत. याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या कागदाची कड झिजते, रंग फिकट होतो; पण तो फिकट झालेला डोळ्यांना दिसतो आणि माणूस वेळीच सावध होतो. शिवाय चित्र पाहायला यंत्र लागत नाही. तबकडीला ही सोय नाही.

दमट हवा आणि चांदी

अमेरिकेच्या मानक व तंत्रविज्ञान संस्थेने २००३ साली सीडी-डीव्हीडी कशा जपाव्यात यावर एक मार्गदर्शिका काढली. तीत दीर्घकाळ साठवणीसाठी तापमान ४ ते २० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २० ते ५० टक्के असावी, असे सांगितले आहे. मालवणात जुलै महिन्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्याही वर जाते. वर्षाचा पाऊसही भरपूर. आणि २० अंश तापमान? ते आपल्याकडे पौषातल्या पहाटे, तेही नशीब असेल तर! तेव्हा ती मार्गदर्शिका वाचून कोकणातल्या माणसाला हसू आले तर नवल नाही. पण तीमागची कारणे मात्र आपल्यालाच जास्त लागू आहेत.

पाण्याची वाफ प्लॅस्टिकमधून हळूहळू झिरपते, आणि दोन तबकड्या जेथे चिकटवल्या त्या कडेतून जास्त वेगाने. हवेतील गंधकाच्या संयुगांनी चांदी काळी पडते. आजीचे चांदीचे निरांजन काळवंडते तीच ही क्रिया. छापील सीडीतील अ‍ॅल्युमिनियम ओलसर खाऱ्या हवेत गंजतो. ऊन लागले तर रंगद्रव्य विटते, आणि ज्या रंगद्रव्यावर आपण डाग पाडले तेच विटले तर डाग उठून दिसणार कसे?

बुरशीचीही एक चमत्कारिक हकीकत आहे. २००१ साली माद्रिदच्या नैसर्गिक विज्ञान संग्रहालयातील शास्त्रज्ञांनी मध्य अमेरिकेतील बेलीझ या उष्ण, दमट देशातून आलेली एक सीडी तपासली. तिच्यात जिओट्रिकम वर्गातील बुरशी कडेने आत शिरली होती आणि तिने प्लॅस्टिक व अ‍ॅल्युमिनियम दोन्ही पोखरले होते. असे नेहमी घडते असे नव्हे. आपल्याकडच्या तबकडीवर दिसणारी बुरशी बहुधा पृष्ठभागावरच्या तेलकट थरावर वाढलेली असते आणि साबणाच्या सौम्य पाण्याने निघते. तरी मे महिन्यातच तबकड्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद कराव्यात. तबकडी उभी ठेवावी, आडवी रचू नये. तिच्यावर कागदी लेबल चिकटवू नये. कागद एका बाजूने ओल धरतो आणि तोल बिघडवतो. नाव लिहायचे तर पाण्याच्या शाईच्या मऊ पेनाने, मधल्या पारदर्शक कड्यावर.

'एम-डिस्क' नावाची एक वेगळी डीव्हीडी निघाली आहे. तिच्यात रंगद्रव्याऐवजी दगडासारखा असेंद्रिय थर असतो आणि ती हजार वर्षे टिकेल, असे तिच्या निर्मात्यांचे म्हणणे. हजार वर्षे थांबून कोणी पाहिलेले नाही, हे उघडच आहे; पण थर असेंद्रिय असल्याने ऊन आणि ओल तिला कमी बाधतात, ही गोष्ट समजण्यासारखी आहे. मात्र ती लिहायला तेवढा प्रखर लेसर असलेले यंत्र लागते. गमतीची गोष्ट म्हणजे ही तबकडी काढणाऱ्या मिलेनियाटा कंपनीचे दिवाळे २०१६ साली निघाले, पुढे दुसऱ्यांनी ती तबकडी चालू ठेवली. तबकडी हजार वर्षांची, कंपनी दहाचीही नाही!

आणि हाच खरा मुद्दा आहे. तबकडी टिकेल, पण वाचणारे यंत्र टिकेल काय? एके काळी जगातील मोठ्या तबकडी-उत्पादकांत गणली जाणारी आपली मोझर बेअर कंपनी स्वस्त व्हीसीडी-डीव्हीडींमुळे घरोघर पोचली होती. २०१८ साली ती मोडीत काढण्याचा आदेश झाला. सोनी कंपनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले. डीव्हीडी आणि तिची यंत्रे अजून मिळतात. पण हा बाजार ओहोटीचा आहे.

मग यंत्र घ्यावे की नाही?

आधी हिशेब करू. डीव्हीडीवर चित्रपटाच्या पद्धतीने, सेकंदाला सुमारे ५० लाख बिट या दराने चित्रीकरण ठेवले, तर एका तबकडीवर ३,७६० कोटी भागिले ५० लाख, म्हणजे ७,५२० सेकंद, सुमारे दोन तास पाच मिनिटे मावतात. पाच तासांच्या नाटकाला तीन तबकड्या. मोबाइलवरचे स्वच्छ चित्रीकरण सेकंदाला १ कोटी ७० लाख बिटच्या आसपास जागा घेते. तसेच्या तसे ठेवायचे तर एका तबकडीवर जेमतेम ३७ मिनिटे. पाच तासांसाठी नऊ तबकड्या लागतील! एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर मावते तेवढे ठेवायला २१३ डीव्हीडी. शाळेच्या कपाटाचा विचार करता हे जमणारे नाही. सर्व संग्रह डीव्हीडीवर ठेवण्याची कल्पना येथेच बाद झाली.

पण पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवणे त्याहून वाईट. पेन ड्राइव्हमध्ये माहिती विद्युत्‌भाराच्या रूपाने कोंडलेली असते आणि वर्षानुवर्षे न जोडता ठेवला तर तो भार हळूहळू गळतो. खिशातून पडतो तो वेगळाच. हार्ड डिस्क मोठी आणि सोयीची. पण तिच्यात फिरते भाग असतात, ती पडली की गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ले या भागांत वीज खंडित झाली. अशा वेळी वीज येताजाता बसणारा झटका जोडलेल्या यंत्राला पुरेसा असतो.

जाणकार म्हणून ३-२-१ असा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. माझ्या मते मालवणच्या शाळेने 'दुसरे गाव' म्हणजे घाटमाथ्यापलीकडचे समजावे. मालवणची प्रत कणकवलीत ठेवून काय साधले? वादळ आणि पावसाळा दोन्हीकडे एकच. कोल्हापुरास कोणाचे तरी नातलग असतातच. हार्ड डिस्क त्यांच्याकडे द्यावी आणि वर्षातून एकदा बदलून आणावी.

या चौकटीत डीव्हीडी रायटरला जागा आहे, पण दोन मर्यादित कामांसाठी. पहिले आणि तातडीचे काम वाचनाचे. गावातल्या जुन्या तबकड्या वाचल्या गेल्याच पाहिजेत, आणि आज बाजारात मिळणारी यूएसबी केबलची जोडयंत्रे वाचणे आणि लिहिणे दोन्ही करतात. म्हणजे लिहिण्याची सोय फुकटात पदरी पडते. दुसरे काम म्हणजे निवडक चार-सहा उत्तम नाटकांची न पुसता येणारी एक प्रत. संगणकात विषाणू शिरला किंवा कोणा विद्यार्थ्याने भलतीच कळ दाबली, तर हार्ड डिस्कवरचे सगळे जाऊ शकते. एकदा लिहून बंद केलेली डीव्हीडी-आर तशी पुसली जात नाही. पुराच्या पाण्यात भिजली तर स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवता येते. हार्ड डिस्कची काय अवस्था होईल ते सांगायला नको.

तेव्हा प्रत्येक शाळेने यंत्र घेण्याचे कारण नाही. चार-पाच शाळांनी मिळून एक घ्यावे, ते गावोगाव फिरवावे, आणि ते वेळेवर घ्यावे. पाच वर्षांनी विचार करू म्हणणाऱ्याला कदाचित विचारच करावा लागेल.

कोणता प्रोग्रॅम वापरावा?

येथे फार गोंधळण्याचे कारण नाही. कामे वेगळी आहेत हे ओळखले की प्रोग्रॅम आपोआप ठरतो.

जुन्या तबकडीची प्रत काढताना ती चांगली असेल तर साधी नक्कल पुरते. पण जेथे यंत्र अडखळते तेथे पुन्हा पुन्हा 'कॉपी' दाबून तबकडी झिजवू नये. लिनक्सवर 'डीडीरेस्क्यू' नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो आधी जे सहज वाचता येते ते सगळे उचलतो, खराब जागांची नोंद ठेवतो आणि मग त्या जागांकडे शांतपणे परत परत जातो. शहाणा विद्यार्थी प्रश्नपत्रिका सोडवतो तसे. एका यंत्रावर न वाचली गेलेली जागा दुसऱ्या यंत्रावर वाचली जाते असाही अनुभव येतो, आणि त्याच नोंदीवरून काम पुढे चालवता येते. मिळालेले चित्रण 'हँडब्रेक' या फुकट प्रोग्रॅमने आजच्या मोबाइलवर चालणाऱ्या रूपात आणता येते. मूळ नक्कल मात्र टाकून देऊ नये.

लिहिण्यासाठी विंडोजचीच स्वतःची सोय पुष्कळांना पुरेल. तबकडी घातल्यावर ते दोन पर्याय विचारते: पेन ड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी-डीव्हीडी प्लेअरसारखी. दुसरा पर्याय घ्यावा. पहिल्यात लिहिलेली तबकडी जुनी यंत्रे ओळखतीलच असे नाही. 'इमगबर्न' हा जुना, फुकट आणि भरवशाचा प्रोग्रॅम आहे. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ची, पण तबकडी तरी कोठे बदलली आहे? तो उतरवून घेताना भलत्या संकेतस्थळावरून घेऊ नये, जाहिरातींचे नको ते प्रोग्रॅम बरोबर येतात. लिनक्स असणाऱ्यांना 'के-थ्री-बी' आहे. टीव्हीच्या प्लेअरवर चालेल अशी, अंकांची सूची दाखवणारी तबकडी करायची असेल तर 'डीव्हीडीस्टायलर'. पैसे देऊन घेण्याचे प्रोग्रॅम आहेत, पण शाळेला त्यांची गरज नाही.

प्रोग्रॅम कोणताही असो, दोन गोष्टी त्याच्याकडून करून घ्याव्यात. वेग मध्यम ठेवावा. १६ पट वेगाची तबकडी असली तरी ८ पट पुरे. १६ पट वेगाला ती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते आणि जरा तोल गेला तरी लिखाण हलते. अगदी १ पट वेगही नको. आजच्या तबकड्यांचे रंगद्रव्य त्यासाठी केलेले नसते. आणि लिहून झाल्यावर 'व्हेरिफाय' म्हणजे पडताळणी करावीच. काम दुप्पट वेळ घेते म्हणून बहुतेक लोक ती खूण काढून टाकतात, आणि मुद्रण नीट झाले नव्हते हे त्यांना दहा वर्षांनी कळते.

प्रत्येक फाइलचा 'शा-२५६' या पद्धतीने काढलेला ६४ अक्षरांचा ठसा एका वहीत किंवा दुसऱ्या फाइलमध्ये टिपून ठेवावा. फाइलमधील एक बिट जरी बदलला तरी हा ठसा पार बदलतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा काढून जुन्याशी ताडला की प्रत जशीच्या तशी आहे किंवा नाही हे नाटक न पाहताच समजते.

परवानगीचेही लक्षात असू द्या. १९९४च्या दुरुस्तीपासून आपल्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलावंतांचेही हक्क मानलेले आहेत. दशावतार मंडळाकडून दोन ओळींची लेखी संमती घ्यावी आणि तयार झालेली एक प्रत त्यांना नेऊन द्यावी. दुकानातून घेतलेल्या चित्रपटाच्या तबकड्यांच्या नकला मात्र या कामात घुसडू नयेत.

शेवटी एक प्रयोग. घरच्या आणि शेजारच्या मिळून वीस जुन्या तबकड्या गोळा करा. प्रत्येकीसाठी एका तक्त्यात लिहा: सीडी की डीव्हीडी, छापील की घरी लिहिलेली, अंदाजे वर्ष, कोठे ठेवली होती, बुरशी होती का, ओरखडे सरळ की गोल. मग ती यंत्रात घालून सगळ्या फाइली हार्ड डिस्कवर उतरवून पाहा आणि शेवटच्या रकान्यात 'पूर्ण', 'अर्धवट' किंवा 'नाही' लिहा. स्वयंपाकघराजवळच्या तबकड्या आणि वरच्या माळ्यावरच्या तबकड्या यांत काही फरक दिसतो का, तो मुद्दाम पाहा. गणपतीच्या सुट्टीत हे काम सहज होईल. तुमचा तक्ता आम्हाला पाठवायला विसरू नका.